पाण्याला दिलेल्या नावा

सुपडूआबा गेल्याचा फोन आमच्या समोरच्या किराणा दुकानात आला, कारण जळगावच्या पिंप्राळ्यातल्या आमच्या गल्लीत फोन तेवढा एकच. शेठ दुकानाच्या पायरीवर येऊन म्हणाले, "मास्तर, गावाहून फोन होता. तुमचे काका गेले." मी शाळेला निघालो होतो, सायकलचं कुलूप काढत होतो. ते मी पुन्हा लावलं... आणि खरं सांगायचं तर मनात आधी आबा आले नाहीत, त्यांची नाव आली. ती अजून घाटावर उभी होती आणि ती फोडायचा शब्द मी त्यांना दिलेला होता. रडू त्यानंतर आलं, बसस्टँडवर, एदलाबादच्या गाडीची वाट बघताना. त्या तालुक्याच्या गावाला आता मुक्ताईनगर म्हणायचं असतं. आबा मात्र शेवटपर्यंत एदलाबादच म्हणत आले. पाटी बदलल्यानं रस्त्यातले खड्डे बुजले का, असं ते विचारायचे.

तेराव्या दिवशी गावानं शोकसभा घेतली. आमच्या गावात माणूस जिवंत असेपर्यंत डोक्यात फरक पडलेला असतो आणि मेला की एकदम आदरणीय होतो, त्यामुळे मला फारसं नवल वाटलं नाही. ज्या सरपंचांनी आबांना घाटावर शिव्या दिल्या होत्या तेच माइक हातात घेऊन म्हणाले, "आबा म्हणजे तापीमाईचं लेकरू." मग त्यांनी जाहीर केलं की आबांची जुनी नाव घाटावरून उचलून शाळेसमोरच्या चौकात ओट्यावर ठेवायची, तिला रंग द्यायचा, खाली पाटी लावायची. आबांचं स्मारक! लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या वाजवायच्या नसतात एवढी साधी गोष्ट ज्यांना ठाऊक नाही, त्यांच्याकडून कुजलेली नाव शाळेसमोर ठेवू नये हे कळण्याची अपेक्षा कोण करणार? "मास्तर, पाटीवरचा मजकूर तुम्ही लिहा," सरपंच म्हणाले. मी म्हणालो, "बघतो." हा माझा आयुष्यभराचा शब्द आहे आणि त्यानं काय काय केलं ते पुढे सांगणारच आहे.

आबा हे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. दोघे नावाडी. तापीच्या अलीकडून पलीकडे माणसं, शेळ्या, कापसाचे गठ्ठे, लग्नाची वऱ्हाडं, सगळं या दोघांच्या नावांतून जायचं. नाना अबोल आणि देवभोळे. आबा काटक, काळेभोर, कमरेला पंचा, खांद्यावर वाकस... लाकूड तासायचं ते आडव्या पात्याचं हत्यार, ते त्यांच्या खांद्यावरून उतरलेलं मी क्वचितच पाहिलं. नाव दुरुस्त करण्यात पंचक्रोशीत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता आणि माणसाला घालूनपाडून बोलण्यातही. पुढाऱ्यानं नावेत बसताना पांढरं धोतर वर धरलं की आबा म्हणायचे, "धरा, धरा. तेवढंच काय ते तुमचं साफ हाये." पुढारी हसायचा. पलीकडचा काठ यायचा असतो, तोवर सगळेच हसतात.

आमच्या नावाड्यांत एक चाल होती. नाव म्हातारी झाली की तिला फोडायचं नाही, जाळायचं तर नाहीच. जिनं पोट भरलं ती माय, तिच्यावर हत्यार कसं चालवायचं? भादव्यात नदी दोन्ही काठ धरून वाहू लागली की तिला कुंकू लावायचं, खणानारळानं ओटी भरायची, दोर कापायचा आणि पाठ फिरवून घरी यायचं. मागं वळून बघायचं नाही. सकाळी घाट रिकामा असायचा. याला 'नाव पाण्याला देणं' म्हणत. मी लहानपणी दोनदा हे पाहिलं आहे आणि अजूनही मला ते सुंदरच वाटतं. त्या पाण्याला ओढ होती, तोवर ते शहाणपणाचंही होतं.

मग खाली धरण झालं, वर पूल झाला. पुलानं नावांचं काम संपवलं आणि धरणानं पाण्याचं चालणं. आमचा घाट वळणाच्या आतल्या अंगाला, फुगवट्याच्या पोटात आला. मधल्या धारेला पावसाळ्यात थोडी ओढ लागे, पण घाटाजवळचं पाणी डबक्यासारखं उभं, हिरवं, शेवाळलेलं. त्या भादव्यात नानांनी आपली नाव पाण्याला द्यायचं ठरवलं. ओटीचं ताट माझ्या हातात होतं, मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलो होतो. आबा घाटाच्या वरच्या पायरीवर बसून बघत होते. म्हणाले, "दादा, पानी चालत नाही आता. कोठी जाईल ती? फोडून टाक." नाना म्हणाले, "माय हाये ती." आबा म्हणाले, "माय मेली म्हंजे तिले अंगनात सोडून देतो का कोनी?" नानांनी दोर कापला, आम्ही सगळे पाठ फिरवून, मान खाली घालून घरी आलो.

सकाळी नाव दहा-पंधरा हातांवर उभी होती. कपाळाचं कुंकूसुद्धा ओघळलं नव्हतं.

एवढ्यावरून शहाण्या माणसाला जे कळायला हवं ते आमच्या गावाला उलटं कळलं. नाव गाव सोडत नाही म्हणाले! तिचा जीव अडकला आहे म्हणाले! बाया येऊन तिला नारळ वाढवू लागल्या. दुसऱ्या वर्षी आणखी दोघांनी आपापल्या नावा पाण्याला दिल्या, त्याही तिथंच राहिल्या. तिसऱ्या वर्षी आणखी दोन. आबा सोडून गावातल्या सगळ्या नावाड्यांनी आपल्या माया त्या डबक्यात आणून उभ्या केल्या आणि सगळे कसे मोकळे झाले. त्या नावा कुजत गेल्या. आधी फळ्या सुटल्या, मग एकेक बुडाली. पावसाळ्यात त्या दिसायच्या नाहीत, वैशाखात पाणी उतरलं की कुणाची फासळी, कुणाचं तोंड वर यायचं. मासे धरणाऱ्यांची जाळी फाटू लागली. एक म्हैस पाय मोडून आत अडकली, ती मेली. धुणं धुणाऱ्या बाईची पोटरी खिळ्यानं चिरली. दर वेळी लोक हळहळायचे, पण नावेला कोणी नावाड्यानं हात लावायचा नाही आणि नावाडी सोडून दुसऱ्या कोणी तर लावायचाच नाही, म्हणजे विषय संपला.

आबांनी अर्ज करायचं ठरवलं. लिहिणारा अर्थात मी. सुट्टीत गावी गेलो की ते मला ओट्यावर बसवून मजकूर सांगायचे. "लिही, तुमच्या डोयात माती गेली का?" मी लिहायचो, 'सदर बाबीकडे आपले लक्ष वेधू इच्छितो.' "लिही, कोनी मेल्यावरच येसान का?" मी लिहायचो, 'संभाव्य दुर्घटना टाळण्याच्या दृष्टीने योग्य ती कार्यवाही व्हावी.' मी ते वाचून दाखवलं की आबा माझ्याकडे अशा नजरेनं बघायचे की मला माझ्या अक्षराची लाज वाटावी. उत्तरंही यायची, नाही असं नाही. ग्रामपंचायतीचं म्हणणं, पाण्यातली गोष्ट आमच्या हद्दीत नाही. पाटबंधाऱ्यांच्या कार्यालयाचं म्हणणं, पाणी आमचं, पण नावा खाजगी मालकीच्या. मालकांचं म्हणणं, आम्ही तर त्या कधीच पाण्याला दिल्या. शेवटी पंचनाम्याला एक साहेब आले. कधी आले? ऐन श्रावणात, घाटाच्या चार पायऱ्या पाण्याखाली असताना. काठावर छत्री धरून उभे राहिले आणि लिहून गेले, 'सदर ठिकाणी समक्ष पाहणी केली असता एकही नाव आढळून आली नाही.' तो कागद आबांनी घडी घालून टोपीत ठेवला होता. कोणी शिकलेला माणूस भेटला की काढून दाखवायचे आणि विचारायचे, "हे लिह्याले किती बुकं शिकावी लागते?"

मग त्यांनी अर्ज सोडले आणि बांबू आणले. जिथं जिथं बुडालेली नाव होती तिथं एक बांबू रोवला, टोकाला तांबडं फडकं. साधी गोष्ट, कोणालाही कळावी अशी. त्याच सुमारास गावात दुसरा टीव्ही आला, सरपंचांकडे. चित्र नीट दिसेना, अँटिना उंच हवा होता. नानांच्या नावेवरचा बांबू सगळ्यात लांब आणि सरळ, तो उपटून नेण्यात आला. फडकंसुद्धा काढायची तसदी कोणी घेतली नाही. सरपंचांच्या घराच्या धाब्यावर अँटिनाखाली ते तांबडं फडकं फडफडत होतं आणि सारं गाव रविवारी त्या फडक्याखाली बसून टीव्ही बघत होतं.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, चार दिवसांवर आलेली. आबा हिवतापानं अंथरुणावर होते. आखाजीला सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, झोके बांधतात, गौराई शिरवायला, म्हणजे विसर्जन करायला, नदीत उतरतात. आबांची एकुलती एक मुलगी मंगला, तीही आली होती. लग्नाला दोन वर्षं झालेली. आबांनी मला बोलावून सांगितलं, "मास्तर, तू शिकेल हाये, तुह्यं ऐकतीन ते. तो बांबू घेऊन ये आन जागेवर लाव. पोरी पान्यात उतरतीन." मी गेलो. सरपंचांनी खुर्ची दिली, चहा दिला, "मास्तर, बसा, आत्ताच सुरू झालं," म्हणाले. मी बसलो. कार्यक्रम संपल्यावर बांबूचा विषय काढला. ते म्हणाले, आखाजी होऊ द्या, आज पाहुणे आहेत. मी म्हणालो, बघतो. आणि घरी येऊन आबांनाही तेच सांगितलं, तापाच्या ग्लानीत त्यांनी ते 'झालं' असं ऐकलं असावं... किंवा माझ्यावर विश्वास ठेवला असावा. यातलं कुठलं, हे विचारायची मला कधी हिंमत झाली नाही.

गौराई शिरवताना मंगलाचा पाय नानांच्या नावेत गेला. वीतभर हिरव्या पाण्याखाली कुजकी फळी, ती मोडली, पाय पोटरीपर्यंत आत आणि टाचेत खिळा. बाकीच्या मुलींना वाटलं ती गाळात रुतली, म्हणून त्यांनी ओढलं. ओढल्यानं जे व्हायचं तेच झालं. आबा अंथरुणातून उठून धावत आले, अंगात ताप, हातात वाकस. पाण्यात बुडी मारून त्यांनी फळी फोडली, ज्या मायेवर हत्यार चालवायचं नव्हतं तिच्यावर पहिला घाव तसा पडला. काठावर नाना उभे होते. त्यानंतर ते फारसं कधी बोलले नाहीत आणि तीन वर्षांनी गेले. जखम चिघळली. जळगावला नेईपर्यंत पाय वाचवायची वेळ गेली होती, घोट्याच्या वरून काढावा लागला. सासरच्यांनी काय केलं? तिची कपड्यांची पेटी पाठवून दिली, तीही एस.टी.च्या टपावरून. सोबत कोणी आलं नाही. अशा लोकांबद्दल आणखी एक वाक्य लिहिणं म्हणजे शाई वाया घालवणं आहे.

मंगला दवाखान्यातून घरी आल्यावर दुसऱ्या वैशाखात पाणी उतरलं आणि आबा घाटावर गेले. एकेक नाव बाहेर ओढायची, उलटी करायची, फोडायची. लोक जमले, शिव्या झाल्या, एकानं तर दगड मारला. 'आईवर कुऱ्हाड चालवतो,' असं सरपंच ओरडले. आबा म्हणाले, "तुम्ही आधी अँटिना उतरवा, मंग बोला." तीन उन्हाळे लागले. चांगल्या फळ्या त्यांनी गावाच्या गटारांवर टाकल्या, एका फळीचं शाळेच्या व्हरांड्यात बाक केलं. खिळे एक-एक सरळ करून डालड्याच्या डब्यात ठेवले. ज्यांनी शिव्या दिल्या ते आजही त्या फळ्यांवरून गटार ओलांडतात, पाय न भिजवता.

आणि तरी एक नाव राहिली. त्यांची स्वतःची. ती त्यांनी पाण्याला दिलेली नव्हती, घाटावर दगडांच्या टेकूवर उभी होती. उन्हानं फाकलेली, बुडाशी वाळवी लागलेली, एका अंगाला कललेली. लोक कुजबुजायचे, दुसऱ्यांच्या फोडल्या, आपली ठेवली. मलाही, सांगायला लाज वाटते, तसंच वाटायचं. गेल्या दिवाळीत मी त्यांना भेटलो ती शेवटची भेट. खाटेवर बसले होते, मंगला शेजारी मशीनवर एका पायानं कोणाचं तरी पोलकं शिवत होती. एकाएकी म्हणाले, "मास्तर, मी गेल्यावर ती नाव फोडजो. पावसायाच्या आत. टेकू सरकेल हाये, कोनाच्या अंगावर येईल." मी विचारलं, तुम्हीच का नाही फोडत? त्यांनी उजवा खांदा चोळला. "हात दुखते." मंगलाचं मशीन थांबलं, मग पुन्हा सुरू झालं. मी म्हणालो, "बघतो." आबा हसले नाहीत की चिडले नाहीत, माझ्याकडे बघत राहिले. त्या बघण्यात इतका निखळ तिरस्कार होता की मी चहा अर्धा सोडून उठलो. दारापर्यंत गेलो आणि परत वळून म्हणालो, "फोडीन, आबा." त्यावर त्यांनी नुसती मान हलवली.

शोकसभा संपली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. दुसऱ्याच दिवशी ट्रॅक्टर आणून नाव चौकात न्यायची असं ठरलं होतं, रंगाचे डबेसुद्धा येऊन पडले होते. मी घरी गेलो. मंगला ओट्यावर बसली होती, तिच्या मांडीवर वाकस. "भाऊ," ती म्हणाली, "तू बघतो म्हनला ना सभेत?" मी मान हलवली. "मले माहीत व्हतं." आणि वाकस माझ्या हातात देऊन कुबडी काखेत घेतली. आम्ही दोघं घाटावर गेलो. रस्त्यात कोणी तरी विचारलं, मास्तर, कोठी? मंगलाच म्हणाली, "पाटीचा मजकूर लिहाले."

मी नावेच्या तोंडाशी गेलो आणि थांबलो. तिथं आतल्या फळीवर लहान मुलीच्या हाताचा ठसा होता, तांबड्या ऑइलपेंटचा. मला आठवलं, मंगला सहा वर्षांची असताना आबा नाव रंगवत होते आणि तिनं रंगाच्या डब्यात हात घालून तो फळीवर उमटवला होता. आबांनी तिला तेव्हा फटकाही मारला होता. ठशाच्या बाजूला वाकसाचे घाव होते. एक खोल, काठाजवळ. दुसरा त्याच्या अलीकडे, जरा कमी. तिसरा ठशापासून चार बोटांवर, नुसता खरचटल्यासारखा. त्यानंतर काही नाही. घाव जुने, पावसानं काळे पडलेले.

"आबांनी केव्हा...?" मी विचारलं.

"बठ्ठ्यायच्या, साऱ्या गावाच्या फोडून झाल्या त्याच वैशाखात," मंगला म्हणाली. "तीन घाव घातले आन खाली बसून गेला. मंग दर साली येऊन टेकू लावून जाये. मले म्हने, हात दुखते."

ज्या माणसानं साऱ्या गावाला, साहेबांना, माझ्या वडिलांना, मला त्या एका वेडेपणासाठी आयुष्यभर तुच्छ लेखलं, तो दर उन्हाळ्यात इथं येऊन टेकू लावत होता. नाना म्हणाले होते, माय हाये ती. आबांना ते कळत नव्हतं असं मी समजत आलो. त्यांना ते आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं, आणि आपला तिरस्कार त्यांनी सर्वात आधी स्वतःवर खर्च केला असणार... मी ठशाकडे बघत उभा राहिलो. माझ्या तोंडात तो शब्द पुन्हा आला होता. उद्या बघू, सकाळी बघू.

"मार भाऊ," मंगला म्हणाली. "माह्या हातावर मार. माह्या पायाले कोनी थांबलं नव्हतं."

मी मारला. बाकीचे घाव सांध्यांवर घातले; बुडाचं लाकूड पार भुसा झालेलं, दहा-बारा घावांत तोंड सुटलं आणि आख्खी नाव टेकूवरून घसरून जिथं मंगला दोन मिनिटांपूर्वी उभी होती तिथं आडवी पडली. दिवस मावळायच्या आत मी तिच्या फळ्या वेगळ्या केल्या. गाव जमलं, बोलायचं ते बोललं. सरपंच म्हणाले, रंग वाया गेला. गावानं माझ्याशी बोलणं टाकलं आहे आणि एवढी शांतता मला पूर्वी कधी मिळाली नव्हती. चौकातला ओटा बांधून तयार आहे, त्यावर सध्या बकऱ्या बसतात. आबांचं याहून बरं स्मारक मला सुचत नाही.

तोंडाची ती फळी मी पिंप्राळ्याला आणली. एस.टी.च्या टपावरूनच आणली. ती माझ्या टेबलाच्या वर भिंतीला लावली आहे, आबांनीच सरळ केलेल्या चार खिळ्यांवर. बायको विचारते, यावर काही ठेवायचं नाही का? नाही. फळीवर आबांचे तीन घाव आहेत आणि लहानशा तांबड्या तळव्याच्या मधोमध चौथा माझा. कुणी जवळून पाहिलं तर दिसतं, चारांत तो सगळ्यात उथळ आहे.